लॉगिन चालू आहे तोवर: नोकरी जाण्याआधी करायची तयारी

गुरुवार होता. दुपारी पावणेचारला एचआरमधून फोन आला, "मॅडम, पाच मिनिटं खाली येता का?" बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात बारा वर्षं काढली होती. खाली जाऊन वीस मिनिटांत वर आले, तर लॅपटॉप पासवर्ड घेईना. पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं, इंटर्नल ऑडिटरचं सर्टिफिकेट, वेंडर आणि इन्स्पेक्टर लोकांचे नंबर, सगळं त्याच्या आत होतं. मोबाइलचं सिमही कंपनीचं, तेही जमा करायचं होतं. गेटवर ओळखपत्र देण्याआधी मी कँटीनच्या कुपनामागे नंबर उतरवून घ्यायला लागले. सहा उतरवले आणि सिक्युरिटीच्या भाईंनी "बेन, जल्दी" म्हटलं.

पुढचे सात महिने मी ज्या ज्या गोष्टींसाठी धावले, त्यातल्या बहुतेक नोकरीत असताना आठवड्याला दोन तास देऊन झाल्या असत्या. म्हणून हे लिहिते आहे. तुमची नोकरी आज ठीक चालली असेल, तर तुमच्या हाताशी तो वेळ आहे. मी ज्या क्रमाने केलं असतं त्याच क्रमाने सांगते.

पहिला शनिवार: कागद घरी आणा

नेमणुकीचं पत्र, कायम केल्याचं पत्र, प्रत्येक पगारवाढीचं आणि बढतीचं पत्र, अप्रेझल, निदान गेल्या तीन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, सगळे फॉर्म १६ आणि ट्रेनिंगची सर्टिफिकेटं. हे तुमचे स्वतःचे कागद आहेत. पीडीएफ करून स्वतःच्या ईमेलवर ठेवा आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर. कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, भाव, टेस्ट रिपोर्ट यांना मात्र हात लावू नका. ते कंपनीचं आहे. शिवाय जाताना कोणी ते नेलं अशी नुसती कुजबुज झाली, तरी मकरपुऱ्यापासून सावलीच्या कारखान्यांपर्यंत नाव खराब होतं.

ओळखीच्या माणसांचे नंबर स्वतःच्या फोनमध्ये घ्या. बँक, आधार, पीएफ, विमा यांपैकी कुठेही कंपनीचं सिम नोंदवलेलं असेल तर ते आजच बदला. माझ्या पीएफचा ओटीपी त्या जमा केलेल्या सिमवर जात होता. एवढी एक गोष्ट निस्तरायला मला पाच आठवडे लागले.

आता पीएफ. यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) चालू आहे का, आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं आहे का, नॉमिनी भरला आहे का, हे पाहा. जुन्या नोकरीचा पीएफ नव्या खात्यात वळवला नसेल तर वळवा. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी पैसे काढले तर त्यावर कर बसतो, आणि वळवलेली जुनी सेवा त्या पाच वर्षांत धरली जाते. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, तिथेही जुनी वर्षं कामी येतात. जुन्या मालकाने तुमची सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतःला भरता येते.

बडोद्यातल्या आपल्या मराठी लोकांनी एक गोष्ट मुद्दाम तपासावी: नाव. इथे कारकून सवयीने नावाला 'भाई' किंवा 'बेन' जोडतात. माझं नाव आधारवर साधं होतं आणि पीएफच्या नोंदीत 'बेन' लावून. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पॅनवर नवऱ्याचं. त्यातून कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. नाव जुळत नाही म्हणून क्लेम परत येतो. दुरुस्तीला कंपनीची मंजुरी लागली, तर ती नोकरीत असताना एका दिवसात मिळते. नंतर त्याच टेबलावरचा माणूस फोन उचलत नाही.

पासबुक धोक्याची घंटा आधी वाजवतं

पीएफचे पैसे कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. दर महिन्याच्या शेवटी पासबुक उघडून पाहायची सवय लावा. पगार वेळेवर येत राहतो, कारण तो थांबला तर दुसऱ्या दिवशी बोंब होते. पीएफ थांबला तर कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून पैशाची ओढाताण सुरू झाली की अनेकदा आधी तिथे दिसते. आमच्याकडे पगार बंद व्हायच्या पाच महिने आधी पीएफ मागे पडायला लागला होता. मी पासबुक उघडलंच नव्हतं.

बाकीच्या खुणा कारखान्यात वावरणाऱ्याला कळतात. वेंडर पैशासाठी गेटवर येऊन बसतात, ओव्हरटाइम बंद होतो, सोडून गेलेल्याची जागा भरत नाहीत, कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांची तपासणी, पुढे ढकलतात, तुमच्याच कामाची 'माहिती लिहून द्या' असं कोणीतरी नवीन माणूस सांगतो. एका खुणेने घाबरू नका. तीन एकत्र दिसल्या तर पुढची पावलं दुप्पट वेगाने उचला.

किती महिने तग धरता येईल

महिन्याचा घरखर्च विचारला तर जवळजवळ प्रत्येकजण कमी सांगतो. आम्हीही चाळीस हजार म्हणत होतो. बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसलो तेव्हा छप्पन्न निघाले, कारण शाळेची फी, विम्याचा हप्ता, गाडीची सर्व्हिस, लग्नकार्यातले आहेर आम्ही धरलेच नव्हते. बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, सगळी बेरीज करा आणि बाराने भागा. मग त्यातलं नोकरी गेल्यावर काय थांबवता येईल ते लाल पेनने खोडा. उरतो तो आकडा गुणिले सहा, एवढी रक्कम हाताशी हवी. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल किंवा घरात एकच कमावतं माणूस असेल, तर गुणिले नऊ.

ही रक्कम एकाच मोठ्या एफडीत ठेवू नका. पंचवीस-पंचवीस हजारांच्या वेगवेगळ्या एफडी करा, म्हणजे गरज पडली तेवढीच मोडता येते. एका बँकेत एका खातेदाराच्या ठेवींना ५ लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण असतं हेही ध्यानात असू द्या, विशेषतः ठेव सहकारी बँकेत असेल तर. आणि एक महिना खरोखर त्या खोडलेल्या आकड्यात जगून पाहा. आम्ही ते नोकरी गेल्यावर केलं, धास्तीत केलं, आणि पहिल्याच महिन्यात चुकलो.

नवीन कर्ज या काळात नको. सोनं आणि पीएफ शेवटी. नोकरी गेल्यावर पीएफमधला मोठा हिस्सा काढता येतो, पण नियम अलीकडे बदलले आहेत, त्यामुळे शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी कसा काढला यावर जाऊ नका, पोर्टलवर वाचा.

आरोग्य विम्याचं थोडक्यात: कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची वेगळी पॉलिसी आत्ताच घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो, आणि तो काळ नोकरीत असताना सरलेला बरा. आजार लपवू नका. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

कामाची वही

हे माझं सगळ्यात आवडतं पाऊल, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही. नोकरी गेल्यावर बायोडेटा लिहायला बसले तर बारा वर्षांत मी काय केलं ते मला आठवेना. 'रूटीन टेस्टिंग, रिपोर्ट तयार करणे, ग्राहकांच्या तक्रारी पाहणे' एवढंच लिहिलं. वाचून माझं मलाच वाटलं की या बाईला कोणी का घ्यावं.

दोनशे पानी वही घ्या. दर शुक्रवारी घरी आल्यावर दहा मिनिटं. चार गोष्टी लिहायच्या: अडचण काय होती, मी नेमकं काय केलं, आकडा कशावरून कशावर गेला, आणि हे कोणाला माहीत आहे. कंपनीची गुपितं लिहायची नाहीत, तुमचं काम लिहायचं. माझ्या आताच्या वहीतली एक नोंद देते.

"टाकीच्या झाकणातून तेल झिरपण्याच्या तक्रारी, तिमाहीत ११. सगळे गॅस्केटला (झाकणाखालच्या पट्टीला) दोष देत होते. तीन दिवस असेंब्लीवर उभी राहिले. दुसऱ्या पाळीत बोल्ट गोल फिरत एकामागून एक घट्ट करतात, समोरासमोरचे नाही. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळायचा पाना) एकच, तोही पहिल्या पाळीच्या कपाटात कुलपात. दुसरा रेंच मागवला, क्रम रंगाने झाकणावर लिहिला. पुढच्या तिमाहीत तक्रारी ३. प्रॉडक्शनच्या साहेबांना आणि ग्राहकाच्या इन्स्पेक्टरला माहीत."

बायोडेटात याची एकच ओळ होते: 'असेंब्लीतला मूळ दोष शोधून तेलगळतीच्या तक्रारी एका तिमाहीत ११ वरून ३ वर आणल्या.' मुलाखतीत मात्र याच नोंदीवर दहा मिनिटं बोलता येतं, आणि ऐकणाऱ्याला कळतं की ही बाई तिथे उभी होती. अकाउंट्समध्ये असाल तर थकबाकी किती दिवसांवरून किती दिवसांवर आली ते लिहा. स्टोअरमध्ये असाल तर साठ्यातली तफावत. शाळेत असाल तर कोणत्या वर्गाला काय अडत होतं आणि तुम्ही काय बदललं. आकडा नसेल तर आधी-नंतरचं चित्र लिहा. फुगवू नका. इथले लोक एकमेकांना ओळखतात आणि फोन करून विचारतात.

दर तीन महिन्यांनी वहीतून बायोडेटा ताजा करा. दोन पानांच्या वर नको.

तीस जाहिराती

काय शिकावं हा प्रश्न हवेत सोडवू नका. तुम्हाला शोभेल अशा कामाच्या तीस जाहिराती गोळा करा. खासगी पोर्टल आहेतच, शिवाय केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि गुजरात सरकारचं अनुबंधम. बडोद्याबरोबर हालोल, वाघोडिया, सावली, दहेजही धरा. जाहिरातीत मागितलेली प्रत्येक गोष्ट कागदावर लिहा आणि पुन्हा आली की रेघ मारा. संध्याकाळभराचं काम आहे.

माझ्या कागदावर आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाला सर्वांत जास्त रेघा होत्या, आणि ते माझ्याकडे होतंच. त्याखाली एसएपी, म्हणजे कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर. मग तीन मानकांची नावं, जी मी ऐकून सोडून दिली होती: वाहन उद्योगासाठी आयएटीएफ १६९४९, रेल्वेसाठी आयएसओ २२१६३, विमानउद्योगासाठी एएस ९१००. तिन्हींचा पाया आयएसओ ९००१ चाच आहे. म्हणजे मी ट्रान्सफॉर्मरवाली म्हणून फक्त ट्रान्सफॉर्मरच्याच कंपन्यांत अर्ज करत बसले होते, आणि माझं तीन-चतुर्थांश ज्ञान शेजारच्या उद्योगांत जसंच्या तसं चालणार होतं. सावलीत मेट्रोचे डबे बनतात. २८ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या शहरात सी-२९५ या लष्करी वाहतुकीच्या विमानांच्या अंतिम जोडणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. अशा मोठ्या कारखान्यांभोवती छोटे पुरवठादार उभे राहतात आणि त्यांना तपासणीची, कागदपत्रांची, ऑडिटची माणसं लागतात. मी अर्ज मोठ्यांकडे करत होते. बोलावणी आली ती लहान पुरवठादारांकडून.

त्या कागदावरून एकच गोष्ट निवडा आणि सहा महिन्यांत पुरी करा. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवरचे कोर्स फुकट पाहता येतात, परीक्षेपुरती फी भरावी लागते. पंधरा सर्टिफिकेटं गोळा करण्यात अर्थ नाही. एक शिका आणि आहे त्या नोकरीत ते एकदा तरी वापरा, म्हणजे वहीत नोंद होते. पन्नाशीला आलेल्या माणसाने आता काय शिकायचं, असं कोणी म्हणालं तर मला वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था सुरू केली ती हाताला हुन्नर मिळावा म्हणून. त्याच कलाभवनाच्या रस्त्याने आपण रोज जातो-येतो.

माणसं

नोकरी मागायला फोन करणं जड जातं, कारण तो फोन आपण पाच वर्षांनी करत असतो. पंधरा नावांची यादी करा: सोडून गेलेले सहकारी, जुने साहेब, वेंडर, ग्राहकाकडचे इन्स्पेक्टर, कॉलेजातल्या दोन-तीन मैत्रिणी. रविवारी दोघांना फोन. कामाचं काही नको. "कसे आहात, हल्ली तुमच्याकडे कसं चाललंय" एवढंच, आणि त्यांच्या उपयोगाचं काही माहीत असेल तर ते सांगा. आपण मराठी माणसं दांडिया बाजारातल्या गणपतीत, हळदीकुंकवाला शेकडो जणांना भेटतो, पण समोरचा नेमकं काय काम करतो ते विचारत नाही आणि आपलंही सांगत नाही. 'कंपनीत आहे' यावर विषय संपतो. एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: "मी ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगचं आणि ऑडिटचं काम बघते." हे ऐकलेली व्यक्ती सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तुमचं नाव सांगू शकते.

मला नोकरी मिळाली ती त्या कुपनामागच्या सहा नंबरांपैकी एकामुळे. तपासणीला येणारे एक इन्स्पेक्टर होते. काही वर्षांपूर्वी त्यांना रात्री साडेनऊला एका रिपोर्टची दुरुस्ती हवी होती आणि मी ती घरून करून दिली होती. मी विसरले होते, ते विसरले नव्हते. "बेन, चिंता ना करो, बायोडेटा मोकलो," म्हणाले, आणि तो त्यांनी तीन ठिकाणी पाठवला.

घरात

आधी सांगा. खुणा दिसायला लागल्या त्याच महिन्यात. मी चार महिने गप्प राहिले, एकटीने झोप घालवली. शेवटी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग दिवाळीला सोफा कशाला घेतला?" आणि त्यांचं बरोबर होतं. मुलांनाही त्यांच्या वयाला पेलेल एवढं सांगा. त्यांना घरातला ताण कळतोच, त्यामागचं कारण तेवढं कळत नाही.

तो दिवस आलाच तर

समोर राजीनाम्याचा कागद ठेवतील. "तुमच्याच रेकॉर्डसाठी चांगलं," म्हणतील. त्या खोलीत सही करू नका. "वाचून, घरी बोलून उद्या देते," एवढं म्हणा आणि कागदाची प्रत मागा. कारण आपण राजीनामा देणं आणि कंपनीने कमी करणं यांत पैशाचा मोठा फरक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, पण जुन्या कायद्यातली ही तरतूद त्यांतही आहे: वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर निदान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई द्यावी लागते. स्वतः राजीनामा दिला की ही भरपाई गेली. 'कामगार' म्हणजे फक्त मशीनवरचा माणूस नव्हे. तांत्रिक आणि कारकुनी काम करणारेही त्यात येतात. पदापुढे मॅनेजर लिहिलं म्हणून लगेच हक्क सोडू नका, प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहिलं जातं. शंका असेल तर कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटा. ती फी वाया जात नाही.

ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षं पूर्ण असतील तर राजीनामा दिला तरी ती मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेप्रमाणे एका वर्षानंतर. हिशेब सोपा आहे: शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. वेतन २६,००० आणि सेवा १२ वर्षं असेल तर १,८०,००० रुपये. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर निम्म्यावरची रक्कम आता वेतनात धरतात, म्हणून हा आकडा स्वतः काढून ठेवा. माझ्या पहिल्या हिशेबात एक वर्ष कमी धरलं होतं. नेमणुकीचं पत्र दाखवल्यावर दुरुस्त झालं.

पगार २१,००० पर्यंत असून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. अटी पुऱ्या होत असतील तर सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळतात. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून ईएसआयसीच्या शाखेत जाऊनच विचारा.

निघताना लेखी मागायचं: कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवाचं पत्र, शेवटच्या हिशेबाचा तपशील, शिल्लक रजेचे पैसे. घरकर्जाचा हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत जा, चुकल्यावर नको. आधी गेलेल्याशी मॅनेजर वेगळ्या सुरात बोलतो.

मुलाखतीत 'नोकरी का सुटली' हे विचारणारच. दोन वाक्यं पाठ ठेवा आणि पुढे कामावर या: "आमचा विभाग बंद झाला, त्यात माझ्यासह काहीजणांना कमी केलं. तिथे माझ्याकडे अमुक काम होतं आणि त्यातून हे झालं." जुन्या कंपनीबद्दल कडवट शब्द नको, ती कितीही चुकली असली तरी.

नवी नोकरी मिळाली की पहिल्याच आठवड्यात एवढं करा: सगळीकडे स्वतःचा मोबाइल नंबर द्या, पीएफ नव्या खात्यात वळवा, एचआरच्या टेबलाशी उभं राहून नावाचं स्पेलिंग आधारशी ताडून पाहा, नेमणुकीच्या पत्राचा घरच्या ईमेलवर पीडीएफ पाठवा. पगाराची पहिली स्लिप आली की तीही त्याच संध्याकाळी. माझ्या नव्या कंपनीतही कारकुनाने नावाला 'बेन' लावलं होतं. या वेळी मी समोर बसून काढून घेतलं.